मोजणीवाले आले

आमच्या मेहुण्याला मागच्या दिवाळीत पक्ष्यांचं याड लागलं आणि भोगतोय मी. परवा रविवारी पहाटे साडेतीनला त्यानं साताऱ्यातून उचललं, कोरेगाव, पुसेगाव करत थेट वडूजच्या पुढं येरळवाडीच्या तलावावर, का तर म्हणे रोहित आलेत. मला वाटलं त्याचा कुणी मित्र असंल, तर रोहित म्हणजे फ्लेमिंगो.

उतरल्या उतरल्या सुरू, "दाजी, ते लाल जर्किन काढा, पाखरं बुजतात." मग थंडी वाजते म्हणून डिकीतलं गाडी झाकायचं कव्हर अंगावर घेतलं. दुर्बीण दिली, ८ बाय ४२, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. मला आठपट मोठी माझीच पापणी दिसायला लागली. "दाजी, समोरची बाभूळ, तिसरी फांदी, सुतार!" आता समोर सगळ्या बाभळीच, त्यातली तिसरी फांदी मोजेस्तोवर सुतार काम आटपून गेलेला.

वारकरी तेवढे नीट दिसले, काळंभोर पाणपाखरू, कपाळाला पांढरा टिळा. पट्टकदंब पण होते, ते म्हणे हिमालय ओलांडून येतात, पार सात हजार मीटरवरनं उडत. इथं मला पुसेगावातच हुडहुडी भरलेली. तेवढ्यात चिखलात पाय रुतला आणि एक टिटवी डोक्यावर असली बोंबलायला लागली की अख्ख्या तलावाला कळलं, आम्ही आलोय.

तरी मेहुण्यानं हार मानली नाही. ट्रायपॉड मांडला, त्यावर स्कोप चढवला. इथंच चुकलं.

"मोजणीवालं न्हवं? बरं झालं आला, ह्यो बांध बगा, दोन सऱ्या खाल्ल्यात त्यानं."

"काका, आम्ही पक्षी बघायला आलोय."

"कुठल्या पक्षाचं?"

"पाखरं हो, पाखरं!"

"बगा की, पर आधी बांध बगा." आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत काकांनी स्कोपला डोळा लावला. "ह्यात बांध दिसंना. कसली तर गुलाबी पाखरं मधी आल्यात, लांब मानंची."

मेहुणा असला झेपावला की ट्रायपॉडच आडवा झाला. उचलून बघतोय तर गुलाबी ठिपक्यांची एक रांग पार सूर्याचीवाडीच्या अंगाला चाललेली.

तो रडायच्या बेतात, तर काका आम्हाला चहाला घेऊन गेले. अर्धा कप संपला नसंल, बांधापलीकडचा गडी गाडीवरनं हजर. "सायबास्नी च्या पाजून फिरवतोस व्हय रं?" पार भांडण जुंपलं, आणि त्याच्यावर तोड म्हणून त्यानं आम्हाला जेवायलाच धरलं, कोंबडं कापतो म्हणाला, ऐकंचना.

तोवर मेहुण्याच्या वहीत अठरा पक्षी झाले होते. एकोणिसावा रश्श्यात बघितला, अगदी जवळनं.