‘देव मानत होते का?’ हा प्रश्न अपुरा आहे

गणेशचतुर्थी जवळ आली की आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर दोन प्रकारचे संदेश फिरू लागतात. एकात अमुक शास्त्रज्ञ, तमुक पुढारी कसे निस्सीम भक्त होते ते सांगितलेले असते. दुसऱ्यात तशीच दुसरी थोर माणसे कशी पक्की नास्तिक होती, ते. दोन्हीकडच्या मंडळींना त्या माणसाविषयी फारसे जाणून घ्यायचे नसते, आपल्या बाजूने एक वजनदार साक्षीदार तेवढा उभा करायचा असतो. रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांशी ज्यांचे नाते आहे अशा माणसांबाबत हा प्रकार मला विशेष खटकतो, कारण त्यांतले क्वचितच कोणी या दोन रकान्यांत नीट बसते.

सावरकरांचेच घ्या. १९२४ ते १९३७ या काळात ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. देव नवसाला पावतो, गाय ही देवता आहे, पोथीत लिहिले म्हणून ते खरे, या सगळ्याची त्यांनी रोखठोक शब्दांत खिल्ली उडवली. आणि याच माणसाच्या प्रेरणेने, भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून, १९३१ साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभे राहिले, ज्यात जातपात न पाहता प्रत्येक हिंदूला लक्ष्मीनारायणाच्या मूर्तीपर्यंत जाता येत होते. पुढे मृत्यूनंतर आपले दहन विद्युतदाहिनीत करावे, श्राद्ध-पिंडदान करू नये, असे त्यांनी सांगून ठेवले. त्यांना नास्तिक म्हणून मिरवणारे मंदिराविषयी बोलत नाहीत, आणि मंदिराचे छायाचित्र टाकणारे पिंडदानाचा विषय काढत नाहीत.

त्यांच्या शेजारी साने गुरुजींना ठेवून पाहावे. जन्म दापोली तालुक्यातील पालगडचा, वृत्ती पूर्णपणे भक्ताची. पण मे १९४७ मध्ये हा भक्त पंढरपुरात उपोषणाला बसला तो विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून, आणि त्यांना विरोध करणारेही स्वतःला विठ्ठलाचे भक्तच म्हणवत होते. पूजाअर्चेवर विश्वास नसलेला एक जण देऊळ बांधवतो आणि देवावर जीव जडलेला दुसरा देवळाच्या व्यवस्थेविरुद्ध प्राण पणाला लावतो. राजकारणात या दोघांचे एका ओळीवरही जमले नसते; या एका प्रश्नावर मात्र दोघे एकाच बाजूला दिसतात. हे ‘देव मानत होते का?’ या प्रश्नातून कधीच हाती लागणार नाही.

कोकणात राहणाऱ्याला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. माझे वडील देव मानत नसत. घरात कोणी आजारी पडले म्हणून देवळात कौल लावायला ते कधी गेले नाहीत. पाषाणाला लावलेले फूल उजवीकडचे पडले की डावीकडचे, यावर माणसाचे दुखणे ठरत नाही, असे ते गुरवाच्या तोंडावर म्हणत. पण शिमग्यात पालखी आली की खांदा द्यायला तेच पुढे असत, आणि अंगणात गाऱ्हाणे सुरू झाले की त्यांचे ‘व्हय म्हाराजा’ साऱ्या वाडीत ऐकू जाई. गुरवाला यात काही विसंगती वाटत नसे, वडिलांनाही नाही. आमच्याकडे मनात काय आहे हे कोणी विचारत नाही. मानाच्या वेळी कोण हजर होता आणि कोण नव्हता, हे मात्र दोन पिढ्या लक्षात ठेवले जाते.

म्हणूनच इथे मनातल्या शंकेची किंमत फारशी पडत नाही, कृतीची पडते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला. देव आहे की नाही याविषयी त्यांचे मत काय, हे त्यांच्या मुरुड गावच्या लोकांनी त्यांना विचारले नव्हते. विवाह झाला म्हणून गावाने बहिष्कार घातला, आणि त्याची झळ घरच्या माणसांनाही लागली. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. वाळीत टाकण्याची प्रकरणे अलीकडेपर्यंत रायगड जिल्ह्यातून वर्तमानपत्रांत सतत येत होती, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला २०१६ साली करावा लागला.

टिळकांच्या बाबतीत ही कसोटी त्यांच्या चाहत्यांना अवघड जाते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आदींनी चहा घेतल्याचे प्रकरण झाले, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षे चालला. एका पेल्याभर चहासाठी न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले, हे आज वाचताना हसू येते, पण तेव्हा घरच्या मुलीबाळींची लग्ने त्यावर अडत. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळक म्हणाले की, अस्पृश्यता देवाला मान्य असेल तर त्याला मी देवच मानणार नाही. हे वाक्य आपण अभिमानाने पाठ केले आहे. त्याच परिषदेत, अस्पृश्यता स्वतः पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही, हे सांगताना मात्र आपला आवाज बसतो. माझ्या मते टिळकांच्या श्रद्धेविषयी त्या वाक्याइतकीच ती न झालेली सहीही सांगते, आणि ती लपवल्याने टिळक मोठे होत नाहीत.

दोन रकान्यांची ही पद्धत सर्वांत उघडी पडते ती आंबेडकरांपाशी. मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, बालपणाचा काही काळ दापोलीत, वडील कबीरपंथी. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ते प्याले, तर त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचे दहन झाले. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि प्रत्यक्ष दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे या माणसाने धर्माचा विचार ज्या चिकाटीने केला, तसा देव्हाऱ्यासमोर रोज तासभर बसणारेही सहसा करत नाहीत. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णादी देवांची उपासना नाकारली आहे, श्राद्ध-पिंडदान नाकारले आहे, आणि तरीही हा सगळा खटाटोप धर्म सोडण्यासाठी नव्हता, धर्म घेण्यासाठी होता. देव नको पण धम्म हवा, असे म्हणणाऱ्याला कोणत्या रकान्यात घालणार? आमच्या भागात १९५६ नंतर बौद्धवाड्यांनी गावकीची परंपरागत कामे नाकारली, तेव्हा गावाला त्या निर्णयाचा अर्थ भाषणे न ऐकताही नेमका कळला.

शंका ही केवळ नास्तिकांची मालमत्ता आहे, असेही कोणी समजू नये. मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. देव आपल्याला जाणवतच नाही ही व्यथा त्यांनी अनेक दशके आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना कळवली होती. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. ती पाळली गेली नाही. २०१६ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले, तेव्हा ती पत्रे आड आली नाहीत, याचे मला कौतुक वाटते.

उलट, मेल्यावर माणसाला आपल्या रकान्यात ओढून घेण्याची घाई सगळीकडेच दिसते. आपल्यासाठी कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे नेहरूंनी मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले होते. मूठभर रक्षा गंगेत सोडावी, पण त्याला धार्मिक अर्थ लावू नये, असेही लिहिले होते. मे १९६४ मध्ये अंत्यसंस्कार मंत्रोच्चारांसह झाले.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण जवळचे आहे. आमच्या भागातील एका वाचनालयाने कोकणातील थोर व्यक्तींच्या तसबिरी लावायचे ठरवले आहे, आणि खालच्या पाट्यांचा मजकूर अभिप्रायासाठी माझ्याकडे आला आहे. मुरुडला जन्मलेल्या र. धों. कर्वे यांच्या पाटीवर ‘संततिनियमनाचे आद्य प्रचारक’ एवढेच आहे. ते कडवे निरीश्वरवादी होते, आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी खटले सोसत होते आणि १९३४ मध्ये त्यांचा खटला आंबेडकरांनी लढवला, यातले काहीच नाही. आंबेडकरांच्या पाटीवर संविधान आहे, महाड आहे, १९५६ नाही. सावरकरांच्या पाटीवर मंदिर आहे, मृत्युपत्र नाही. टिळकांच्या पाटीवर ते वाक्य आहे, सही न केल्याचा उल्लेख अर्थातच नाही. मी प्रत्येक पाटीत एकेक ओळ वाढवून मजकूर परत पाठवला. पाटीवर जागा पुरत नाही, असे समितीचे म्हणणे पडले. मोठ्या पाट्यांचा जादा खर्च मी देतो, असे लेखी कळवले आहे. पुढची बैठक गणपती झाल्यावर आहे.