चेहऱ्यावर गिलावा: पन्नाशीनंतरच्या 'सात सुवर्णनियमां'ना उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. भिशीच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, नणंदेकडून आणि शेवटी एका वरमाईंकडून, ज्यांचा मेकअप मला पुढच्या महिन्यात करायचा आहे. 'पन्नाशीनंतरच्या मेकअपचे सात सुवर्णनियम.' वर गुलाबाची फुलं, खाली 'किमान दहा मैत्रिणींना पाठवा'. नियम थोडक्यात असे: फाउंडेशन जाड लावा, सुरकुत्या भरून निघतात. त्यावर भरपूर पावडर थापून दहा मिनिटं ठेवा. शेड आपल्या रंगापेक्षा एक-दोन पायऱ्या उजळ घ्या. आधी बर्फ फिरवा, रोमछिद्रं बंद होतात. फाउंडेशनमध्ये एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) असेल तर सनस्क्रीन लागत नाही. आठवड्यातून दोनदा लिंबू आणि खायचा सोडा लावा. आणि या वयात चमक, काजळ, लाल लिपस्टिक शोभत नाही.

वरमाईंनी खाली लिहिलं होतं, 'ताई, आपण असंच करायचं ना?'

नाही हो वहिनी. का नाही, ते फोनवर सांगत बसले असते तर माझी सकाळची गिऱ्हाइकं खोळंबली असती. म्हणून इथे लिहिते. कोथरूडमध्ये माझं लहानसं पार्लर आहे. नवऱ्या सजवणाऱ्या मुली आता गल्लोगल्ली आहेत, माझ्याकडे येतात त्या वरमाया, आत्या, मावश्या आणि पंचाहत्तरीच्या आज्या. म्हणजे मेसेज ज्यांच्यासाठी लिहिलाय, त्याच.

पहिला नियम. जाड फाउंडेशनने सुरकुती भरते, ही कल्पना गिलाव्याची आहे. पण मग गवंड्याचं तरी ऐका. तो कोरड्या विटेवर गिलावा चढवत नाही, आधी पाणी मारतो. कोरडी वीट गिलाव्यातलं पाणी ओढून घेते आणि वर तडे जातात. पाळी गेल्यावर चेहऱ्याचं असंच होतं. इस्ट्रोजेन कमी झालं की तेलग्रंथी मंदावतात, त्वचा पातळ आणि कोरडी होते. पहिल्या पाच वर्षांत त्वचेला घट्ट ठेवणारं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. अशा त्वचेवर फाउंडेशनमधला ओलावा शोषला जातो, उडून जातो आणि मागे रंगाची पूड राहते. त्यातून भिंत निदान हसत तरी नाही. चेहरा दिवसभर हसतो, बोलतो, जिलेबी खातो. प्रत्येक हालचालीला वरचा थर सरकतो आणि घडीत जाऊन बसतो. जितका थर जाड, तितकी ती घडी लांबून दिसते.

मी काय करते ते सांगते. चेहरा धुऊन नुसता टिपायचा, ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. त्या दहा मिनिटांत मी अंबाडा घालते. मग संपूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दोन दाण्यांएवढं फाउंडेशन, ओल्या करून पिळलेल्या स्पंजने दाबत दाबत. घासायचं नाही. सुरुवात नाकाच्या बाजूने, जिथे लाली आणि डाग असतात. गालाच्या कडेपर्यंत जाताना स्पंजवर फारसं काही उरलेलंच नसतं, तेच हवं असतं. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यात, जिथे हसताना सुरकुत्यांचा पंखा उघडतो, तिथे काहीही नाही. शेवटी वहिनींना खळखळून हसायला सांगायचं आणि जिथे रेघ उमटली तिथलं जास्तीचं बोटाच्या टोकाने उचलून घ्यायचं. एवढी एकच युक्ती शिकलात तरी माझी अर्धी फी वसूल.

पावडरबद्दल मात्र मला माझं पाप कबूल करायला हवं. दहा-एक वर्षांपूर्वी डोळ्यांखाली पावडरीचा ढीग ठेवून तो 'मुरू' द्यायची पद्धत सगळीकडे आली. प्रखर दिव्यांखाली, लांबून बघायच्या चेहऱ्यासाठी ती ठीक आहे. बालगंधर्वच्या रंगमंचावरचा चेहरा बाल्कनीतून बघणाऱ्यालाही कळावा लागतो. विहीणबाईंना माणसं हातभर अंतरावरून बघतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी एका वरमाईंवर तो प्रयोग केला. सकाळी सातला आरशात सुरेख दिसत होत्या. मंगलाष्टकांपर्यंत डोळ्यांखाली मे महिन्यातल्या शेतासारख्या भेगा. फोटोत त्याहून वाईट. बारीक सिलिका असलेली पावडर फ्लॅशचा उजेड परत फेकते, त्यामुळे अल्बमभर डोळ्यांखाली दोन पांढरे चंद्र. त्या काही बोलल्या नाहीत. धाकट्याच्या लग्नाला मात्र दुसरीकडे गेल्या.

माझी मुंबईची मावसबहीण म्हणते पावडरीशिवाय चालूच शकत नाही. तिथल्या दमट हवेत तिचं खरं असेल. पुण्यात मार्च-एप्रिलची लग्नं म्हणजे दुपारी हवा कोरडीठाक, ओठ फुटतात. इथे नाकाच्या दोन्ही बाजू, हनुवटी, हवं तर कपाळाचा मधला भाग, एवढ्यावर लहान ब्रशने पावडर टेकवली की पुरे.

उजळ शेडचा नियम वाचून मला नेहमी तुळशीबाग आठवते. दुकानातल्या पांढऱ्याफेक दिव्याखाली मनगटावर रेघ ओढायची, 'घ्या काकू, तुम्हाला खुलतोय' आणि झाली खरेदी. मनगट चेहऱ्याच्या रंगाचं नसतं आणि तो दिवा लग्नात नसतो. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर दोन पायऱ्या उजळ रंग गोरा दिसत नाही, राखेसारखा दिसतो, आणि मानेशी सीमारेषा आखल्यासारखी उमटते. रेघ जबड्याच्या कडेवर ओढा, दुकानाबाहेर उजेडात या, दहा मिनिटं लक्ष्मी रोडवर फिरा आणि मग बघा. काही फाउंडेशनं हवेत थोडी गडद होतात, तेही तेवढ्यात कळतं. दोन शेडमध्ये अडलात तर मानेशी जुळणारी घ्या.

डोळ्यांखालच्या काळेपणालाही उजळ कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं दाट क्रीम, हे उत्तर नाही. आपल्याकडचा तो काळेपणा तपकिरी-जांभळा असतो, त्यावर नुसतं उजळ चढवलं की करडं दिसतं. आधी पीच, सावळ्या रंगाला नारिंगी करेक्टर, तोही फक्त नाकाजवळच्या खोलगट भागात. त्यावर आपल्याच रंगाचा कन्सीलर, नखाएवढा.

बर्फ. रोमछिद्रांना उघडझाप करायला स्नायूच नसतात, त्यामुळे ती बंद होत नाहीत. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज थोडा वेळ उतरते, म्हणून पहाटेच्या मुहूर्ताला सुजलेल्या डोळ्यांवर रुमालात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर चालेल. चेहऱ्यावर लाल बारीक शिरा दिसत असतील तर तोही नको.

आता एसपीएफ. सातातला सर्वांत धोकादायक नियम हाच, कारण तो शहाणपणाचा वाटतो. बाटलीवरचा आकडा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजलेला असतो. चेहरा आणि मानेला तेवढं द्यायचं तर तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढून येईल एवढं सनस्क्रीन लागतं. फाउंडेशन आपण लावतो मटारचे दोन दाणे. मग ३० लिहिलेल्या बाटलीतून ३० कसे मिळणार? पूर्ण थर असेल तर एसपीएफ १५ त्वचा भाजणारे सुमारे ९३ टक्के यूव्हीबी किरण अडवतो, ३० सुमारे ९७, ५० सुमारे ९८. म्हणजे १०० नंबरच्या मागे लागण्यापेक्षा ३०चं पुरेसं लावणं महत्त्वाचं. आधी सनस्क्रीन, ते बसू द्यायचं, मग मेकअप. उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा. आता मेकअपवर पुन्हा कसं लावायचं, हा त्रास खरा आहे. मी स्पंजवर घेऊन टेकवते, नाजूकपणे.

पण नियम लिहिणाऱ्याचं एक श्रेय काढून घेत नाही. ज्यांना वांग आहेत त्यांना रंगीत फाउंडेशनचा थोडा फायदा होतो. आपल्या रंगाच्या त्वचेत वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतात, आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. फाउंडेशनला रंग देणारं आयर्न ऑक्साइड अडवतं. गेरूला लाल रंग देणारं तेच हे. तेव्हा रंगीत सनस्क्रीन मिळालं तर उत्तम. आणि पुणेरी बायका स्कूटरवर डोळे सोडून सगळं स्कार्फमध्ये गुंडाळतात, त्याला बाहेरगावचे लोक खुशाल हसोत. घट्ट विणीचा सुती स्कार्फ उन्हाला चांगलाच अडवतो. फक्त मेकअप करून तो बांधू नका, सगळं त्यालाच लागतं.

लिंबू-सोड्याबद्दल रागावूनच लिहावं लागतं. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५. लिंबाचा रस २च्या आसपास, खायचा सोडा ८च्या वर. एकत्र केले की फसफसतं आणि आपल्याला वाटतं काहीतरी काम चाललंय. आधीच पातळ झालेल्या त्वचेचं संरक्षक कवच त्याने उसवतं. शिवाय लिंबाचा रस लागलेल्या जागेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठून काळे डाग राहू शकतात. लिंबू पोह्यांवर पिळा.

राहिला सातवा, 'शोभत नाही'वाला. यात थोडं तंत्र आहे आणि बाकी सगळी सासू आहे. पापणीवर जाड चमकीचे कण सुरकुतीत जाऊन लुकलुकतात, हे खरं. पण रेशमासारखी मंद झाक असलेली आयशॅडो पापणीच्या मध्यावर छान दिसते. पापणी उतरली असेल तर रंगाची रेघ डोळे उघडे ठेवून, समोर बघत, घडीच्या जरा वर काढायची. मिटलेल्या डोळ्यावर काढलेली रेघ डोळा उघडला की गायब होते. काजळ खालच्या पापणीच्या आत भरलं की तासाभरात खाली उतरतं, म्हणून ते वरच्या पापणीच्या मुळाशी भरा. डोळा जागा दिसतो.

आणि लाल लिपस्टिक. मागच्या वर्षी सहस्रचंद्रदर्शनाच्या एका आजींनी मला मुद्दाम घरी बोलावलं. सून म्हणाली, 'फिकट गुलाबी लावा हो.' आजी म्हणाल्या, 'लाल. कुंकवासारखा.' त्यांच्या ओठांभोवती बारीक उभ्या रेघा होत्या, त्यांतून रंग पसरतो. म्हणून आधी थोडं बाम लावून पुसून घेतलं, ओठांच्या कडेने त्याच रंगाच्या पेन्सिलीची बंदिस्त रेघ काढली आणि आतही पेन्सिलच भरली. वर लिपस्टिकचा एक हात, कागदाने टिपून पुन्हा एक हात. मॅट नाही, ती कोरड्या ओठांवर पापुद्र्यासारखी सुटते. आजींनी आरशात उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं आणि विचारलं, 'चापाची नथ आता घालू ना? की तुझा रंग निघेल?'

नथ जिथे बसते तेवढा भाग मी पुसून कोरडा करून ठेवला होता.