पाळक नसतानाचे महिने : एका प्रतिक्रियेला उत्तर

जय ख्रिस्त, भाऊ.

'नव्या पाळकांसाठी घाई करू नका' या माझ्या लेखावर तुम्ही रागाने लिहिलंत, आणि राग समजण्यासारखा आहे. तुमच्या मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चमध्ये, ८ महिने पाळक (धर्मगुरू) नाहीत, ५ महिने प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) नाही, आई अंथरुणावर आहेत आणि त्यांना भेटायला कोणी येत नाही. वर मी 'थांबा' म्हणतो. हे अमेरिकेतलं खूळ आहे, इथे मेंढरं विखुरतात, असं तुमचं म्हणणं.

प्रभूभोजनाचा मी लेखात उल्लेखही केला नाही, ही माझी चूक. पण शेजारच्या पाळकांकडे तुमच्या मंडळीचा चार्ज, म्हणजे तात्पुरती जबाबदारी आहे, हे तुम्हीच लिहिलंय. मग प्रभूभोजन अडलं ते तारीख कोणी मागितली नाही म्हणून. चार्जवरच्या पाळकांना त्यांची स्वतःची मंडळी असते, त्यांची ओढाताण चाललेली असते. सेक्रेटरींनी पत्र देऊन महिन्यातला एक रविवार पक्का करून घ्यावा लागतो. सकाळी जमत नसेल तर संध्याकाळी.

आता घाईबद्दल. मी पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या कमिटीचा, सेक्रेटरी असताना आमचे ११ वर्षं राहिलेले पाळक निवृत्त झाले. आम्ही वरच्यांकडे सारखा तगादा लावून ३ महिन्यांत नवे पाळक आणले. पहिल्याच महिन्यात एका घरी मयत झाली आणि घरच्यांनी जुन्या पाळकांना फोन करून बोलावलं. नवे पाळक कब्रस्थानात लोकांच्या मागे उभे होते, हातात उपासनेचं पुस्तक, मिटलेलं. तो चेहरा मला अजून दिसतो. दीड वर्षात ते बदली मागून गेले. दोष आमचा होता. जुन्या पाळकांना आम्ही हार-शाल दिली, पण यापुढे लग्न-मयतीला त्यांना बोलवायचं नाही हे त्यांच्याशीही बोललो नाही आणि लोकांशीही नाही.

पुढच्या वेळी ११ महिने थांबलो. बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढून बसलो, त्यात नावं असलेली पण उपासनेला न येणारी कुटुंबं मोजली. ३१ भरली. दोघादोघांनी घरोघर जायचं ठरलं. एका घरी काकूंनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली. आत कमिटीचं जुनं पत्र, कब्रस्थानातल्या जागेवरून त्यांना दिलेलं तुटक उत्तर. खाली सही माझी. सहा वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. मी तिथेच माफी मागितली. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या रविवारी आल्या. आल्या आल्या नव्या पाळकांपुढे हे गाऱ्हाणं गेलं असतं, तर त्यांनी काय केलं असतं?

अमेरिकेबद्दल म्हणाल, तर तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत मधल्या काळासाठी वेगळे पाळक नेमतात, आणि त्यांनाच पुढे कायम करण्यावर बंधनं आहेत, हे खरं. पण आपला पेच आपलाच आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात वेगवेगळ्या परंपरांच्या सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) झाली. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे पाळकाला मंडळीने बोलवायचं. त्यात आलेल्या अँग्लिकनांकडे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेत, पाळक नेमायचा तो बिशपांनी. जागा रिकामी झाली की आजही एकाच मिटिंगमध्ये एक जण म्हणतो 'आपण ठरवू', दुसरा म्हणतो 'बिशप पाठवतील', आणि आजारी माणसाच्या घरी कोण जाणार हे विचारायचंच राहून जातं.

मेंढरं विखुरतात, मान्य. पण बायबलमधले निर्गम २४ आणि ३२ हे अध्याय परत वाचा. मोशे ४० दिवस डोंगरावर होता, आणि जाताना अहरोन आणि हूर यांना लोकांजवळ ठेवून गेला होता. म्हणजे सांभाळायला माणूस होता. लोकांना वाट बघवेना, अहरोनाने त्यांच्या घाईपुढे मान तुकवली, आणि पूजेला सोन्याचं वासरू उभं राहिलं. आपण कमिटीवाले त्या अहरोनाच्या जागी असतो. मला ती जागा फार भीतीची वाटते.

तरुणांना कसं टिकवायचं, याचं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आमच्याकडे शास्त्रवाचन आणि बुधवारची प्रार्थनासभा त्यांच्याकडे दिली, काही टिकले, काही गेले.

चार्जवरच्या पाळकांना द्यायच्या पत्राचा आमचा मसुदा तुम्हाला पाठवतो. त्यात एक ओळ वाढवा : उपासना झाल्यावर त्याच दिवशी आईंच्या घरी प्रभूभोजन घेऊन यावं. आणि तोवर तुमच्या मंडळीच्या पंचांपैकी कोणीतरी या आठवड्यातच त्यांच्याजवळ जाऊन बसू दे. त्याला कोणाच्या नेमणुकीची गरज नाही.