चौकस बाईचं काय करायचं?

3 ऑक्टोबर 2024ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आमच्या कऱ्हाडच्या वर्गमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची साहित्यचर्चा एकदम जड झाली. परवा मी तिथे लिहिलं, की सध्या खुनाच्या गोष्टी वाचतेय. त्याही छोट्या गावातल्या. मांजर पाळणारी बेकरीवाली बाई खुनी शोधते आणि शेवटी फौजदाराच्या प्रेमात पडते. लगेच उत्तर आलं, "इंग्लंडात जाऊन हेच वाचतेस?"

हेच वाचते. मी राहते त्या डेव्हनमध्येच, टॉर्कीला, 1890 साली अगाथा ख्रिस्ती जन्मली. इथल्या वाचनालयात गुन्हेकथांच्या कपाटासमोर निवृत्त डॉक्टरीणबाईही उभ्या असतात, पुस्तक पिशवीत लपवत नाहीत. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, कितीतरी लोकांना वाचनाची चटक लावली, तरी वाङ्मयाच्या घरात त्यांची बसायची जागा ओसरीवरच.

मग मराठीत ही गावातली, रक्त न दाखवणारी खूनकथा का रुजली नाही? नाक मुरडणारे समीक्षक आडवे आले, असं मी बरीच वर्षं म्हणत होते. आता तेवढंच कारण वाटत नाही.

ख्रिस्तीची मिस मार्पल 1927 साली एका कथेतून आली. विणकाम करणारी, लग्न न केलेली म्हातारी. तिची रीत साधी: संशयित पाहिला की तिला गावातलं कुणीतरी आठवतं. सगळ्यांच्या खिडक्यांवर डोळा ठेवून तिनं ही शिदोरी जमवलेली. म्हणजे या कथेची नायिका मुळात चौकस शेजारीण आहे, आणि ती न्यायाच्या बाजूला असते.

आमच्या बोळातही अशा एक काकू होत्या. ओट्यावर तांदूळ निवडत बसायच्या. कुणाची सायकल कुठे रेंगाळली, त्यांना पाठ. त्यांनी एकदा एका मुलीच्या घरी जाऊन सांगितलं. तिचं कॉलेज बंद झालं, तीन महिन्यांत लग्न. (भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे होता, पण तो मुलगा. गावभर सायकल मारायची मुभा त्याला.)

आपल्याकडे चौकस डोळा प्रेमाच्या पाळतीवर असतो. जातीबाहेर प्रेम केलं म्हणून पोरांचे जीव जातात. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाला अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे उभारा, असं सरकारांना सांगावं लागलं. अशा खुनात खुनी कोण हे बहुतेकदा गल्लीला ठाऊकच असतं. शोधायचं काय? बोलणार कोण, हेच काय ते रहस्य. बेकरी आणि मांजर घालून ते गोड होत नाही.

इथलं पुस्तकातलं गावही खरं नाहीच म्हणा. समुद्रकाठची कितीतरी घरं शहरवाल्यांनी सुट्टीसाठी घेऊन ठेवलीत, हिवाळ्यात तिथे दिवा लागत नाही. आणि जुन्या पुस्तकांत माझ्यासारखी सावळी बाई गावात राहायला आली असती, तर विसाव्या पानावरच तिच्यावर संशय गेला असता. तरी मी वाचते. झोपायच्या आधी कुणीतरी सगळं नीट लावून देतं, एवढं मला पुरतं.

पण मराठीत कुणी लिहिणार असेल, तर ओट्यावरच्या त्या काकूंपासून सुरुवात करावी. गेल्या मे महिन्यात त्यांना भेटायला गेले. नजर अधू झालीय, तांदूळ आता बोटांनी चाचपून निवडतात. म्हणाल्या, "तू प्रीतिसंगमावर कुणाबरोबर बसायचीस, ते मला माहीत होतं हो."

मी गार. "मग आईला सांगितलं कसं नाहीत?"

त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "त्या पोरीचं सांगितलं ना, त्यानंतर कुणाचंच नाही सांगितलं."