बाहेर साडी, आत पण साडी

परवा दादरच्या एका कुरिअर ऑफिसात मला चिंध्या विकणारी बाई ठरवण्यात आलं. नुसतं तोंडी नाही हं, छापून. बारकोडसकट. तोंडी असतं तर मी पण चार शब्द सुनावले असते आणि घरी येऊन चहा पिऊन विसरले असते, पण ते लेबल अजून माझ्या पर्समध्ये आहे आणि ट्रेनचा पास काढायला हात घातला की आधी तेच हाताला लागतं.

थोडक्यात सांगते. मी गोधड्या करते. म्हणजे शिवतात भांडुपच्या दोन मावशी, बाकीची हमाली माझी. मुलगा-सून परदेशात असतात, तिकडे बाळ होतं, की इकडची आजी कपाटातून आपल्या जुन्या साड्या काढून माझ्याकडे आणून देते आणि आम्ही त्याची बाळाला गोधडी शिवून पाठवतो. महिन्याला चार-पाच पार्सलं. आधी सगळं कसं छान चाललेलं, कुरिअरवाला फॉर्मवर 'गिफ्ट' लिहायचा, मी सही ठोकायची, संपला विषय. मग अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्युटीची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली, आणि ती ड्युटी गोळा कोणी करायची, भरायची कुठे हेच कळेना म्हणून पोस्टाने २५ तारखेपासूनच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. परत सुरू झालं १५ ऑक्टोबरला, दिवाळी अगदी दारात, आणि ते पण सांगितलेल्या किमतीच्या ५० टक्के ड्युटी इथेच आधी भरून. पोस्टाने जायची न्यू जर्सीच्या एका बाळाची गोधडी तोवर माझ्या कपाटात पडून. ती पोचली तेव्हा बाळ रांगून उभं राहायला लागलं होतं.

म्हणून ठरवलं, युरोपच्या वेळी गाफील राहायचं नाही. तिकडे १ जुलै २०२६ पासून १५० युरोच्या आतल्या पार्सलवर पण ड्युटी, वस्तूच्या प्रत्येक प्रकारामागे ३ युरो. म्हणजे गोधडी एकटी गेली तर ३, सोबत प्रेमाने एक झबलं टाकलं तर ६. मी तयारीला लागले. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढला, बँकेत जाऊन एडी कोडचं, म्हणजे निर्यातीचे पैसे कुठल्या बँकेत येणार त्याचं पत्र आणलं (बँकेतल्या बाईने मला तीनदा विचारलं, नक्की एक्स्पोर्टच ना?), जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र भरलं, एक्सेल शीट केली. आणि रात्री जेवणं झाली की एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी प्रत्येक वस्तूला दिलेले नंबर, वाचत बसायचे. नवरा म्हणाला, या वयात यूपीएससी देतेयस का.

पण वाचण्यासारखं आहे हो ते. १९८८ पासून लागू आहे, २०० च्या वर देश तेच वापरतात, आणि जगातल्या झाडून सगळ्या वस्तूंना ९७ चॅप्टरमध्ये कोंबून बसवलंय. छत्रीला अख्खा चॅप्टर आहे, ६६ नंबरचा, आणि त्यात छत्रीच्या शेजारी कोण, तर हातातल्या काठ्या आणि चाबूक. चाबकाला कोड आहे! माणसाच्या केसांना आहे, केरसुणीला आहे. आकाशकंदिलाचं मात्र मला अजून कळलेलं नाही, तो दिवा धरायचा, कागदाची वस्तू धरायची की सणाचं सामान, तिघांचे चॅप्टर वेगळे. आणि ७७ नंबरचा चॅप्टर चक्क रिकामा. पुढेमागे लागेल म्हणून राखून ठेवलाय, आपण ट्रेनमध्ये रुमाल टाकतो तसा. एवढी जागा आहे तर गोधडीला द्या ना, पण नाही.

गोधडीसाठी माझ्या हिशेबाने ९४०४४०. रजया, दुलया वगैरे. हे चॅप्टर ९४ म्हणजे फर्निचर, गाद्या, दिवे आणि तयार घरं, म्हणजे आपली गोधडी सोफ्याच्या आणि आख्ख्या घराच्या पंगतीला. मला बरं वाटलं ते वाचून. फक्त अट अशी की आत काहीतरी भरलेलं पाहिजे.

तर ही सगळी विद्या डोक्यात घेऊन परवा स्टुटगार्टचं पार्सल घेऊन गेले. माझं टोकन १४, चालू होतं ९. पंखा एकच, तो पण काउंटरच्या आतल्या बाजूला तोंड करून. खुर्ची एकच, आणि त्यावर एक काका, मांडीवर पिशवी, पिशवीतून मेतकुटाचा वास. काउंटरवरचा मुलगा विशीतला, हेडफोन गळ्यात.

"मॅडम, डिस्क्रिप्शन काय टाकू?"

"हाताने शिवलेली बेबी क्विल्ट. ९४०४४०." मी हे असं सांगितलं की बस, जसं काही पिनकोड सांगतेय.

त्याने टाइप केलं. सिस्टमने त्याला विचारलं, त्याने मला विचारलं. "आत काय भरलंय? फायबर का कापूस?"

"साडी."

"ते बाहेरचं झालं. आत?"

"आत पण साडी."

"आणि खालून?"

"खालून पण साडीच रे बाबा, चार साड्यांची आहे."

"म्हणजे साडीत साडी," तो म्हणाला आणि स्क्रीनकडे बघत बसला. स्क्रीन पण त्याच्याकडे बघत बसली.

इथे काकांनी घसा साफ केला. "अहो, मग सोपं आहे. घडी घातलेली साडी म्हणा ना."

मी म्हटलं, काका, ती शिवलीय, टाके आहेत. तर म्हणाले, "टाके उसवता येतात." मी विचारलं, तुम्ही कस्टम्समध्ये होतात का? "मी नाही. आमच्या खालच्या मजल्यावर कस्टम्सचे एक राहायचे. एकोणीस वर्षं. रोज जिन्यात भेटायचे." आणि असं बघितलं माझ्याकडे, की यापुढे आता बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

मग टक्केवारी आली. कॉटन किती, पॉलिस्टर किती. आता या आजींच्या साड्यांत दोन वायल, एक इरकल आणि एक ती सत्तर-ऐंशीच्या दशकातली, अंगाला चिकटणारी, फुलाफुलांची, जिच्यात काय आहे ते बनवणाऱ्याला पण आठवत नसेल. मी म्हटलं साधारण ७५ टक्के कॉटन. काका म्हणाले, "साधारण चालत नाही." मग ओरिजिन. मी म्हटलं इंडिया, तर काका, "इरकल कर्नाटकातली." मी म्हटलं काका, कर्नाटक इंडियातच आहे. "ते आहे हो," काका म्हणाले, "पण बेळगावचा निकाल लागेपर्यंत आपण लिहून कशाला द्यायचं?" रांगेतला एक माणूस चक्क हसला. त्याचं टोकन १९ होतं, त्याला वेळच वेळ होता.

मग किंमत. इनव्हॉइसवर शिलाई होती, ३,२०० रुपये. मुलाने विचारलं, साड्यांचे किती? मी म्हटलं साड्या गिऱ्हाईकाच्याच. आणि इथे मी नको तो शहाणपणा केला. अभ्यास झाला होता ना. मी आपणहून म्हटलं, खरं तर नियम असा आहे की गिऱ्हाईकाने फुकट दिलेला माल पण वस्तूच्या किमतीत धरावा लागतो. हे खरं आहे, पण खरं ते सगळं काउंटरवर बोलायचं नसतं.

काका सावरून बसले. "मग काढा किंमत."

"कशी काढणार काका? जुन्या साड्या आहेत, आजींच्या."

"आजी आहेत?"

"नाहीत. फेब्रुवारीत गेल्या."

"अरेरे," काका म्हणाले, आणि खरंच एक सेकंद थांबले. "मग बोहारणीचा भाव धरा. काय देते हल्ली बोहारीण? आमच्याकडे गेल्या महिन्यात सहा साड्या आणि माझी एक बऱ्यापैकी पँट यांच्यावर एवढंसं पातेलं दिलं, आणि ते पण झाकण वेगळं मागून. म्हणजे चार साड्यांना..." ते बोटं मोजायला लागले. "अर्धं पातेलं. इरकलीला काठ आहे म्हणून वरती चमचा धरा." मुलाने कॅल्क्युलेटर उघडला होता, आईशप्पथ.

एव्हाना पार्सल उघडलेलंच होतं, चेकिंगसाठी. काकांनी पिशवी बाजूला ठेवली, उठले, आणि गोधडीचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळून बघितला, बाजारात भेंडी मोडून बघतात तसं. "विरलंय हो."

मी म्हटलं विरलेलंच लागतं. नवीन कापड बाळाला टोचतं. तीस वर्षं नेसून, धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं, त्याचीच गोधडी होते, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय.

"म्हणजे चिंध्याच की," काका म्हणाले. वाईट हेतू नव्हता त्यांचा, मदत करत होते. आणि तो मुलगा, ज्याला इतका वेळ गोधडी सापडत नव्हती, त्याला हे लगेच सापडलं. "मॅडम, येतंय बघा! ६३१०, रॅग्ज. टाकू?" मी नाही म्हणेपर्यंत प्रिंटर सुरू झाला होता. त्या ऑफिसात एवढं एकच काम पटकन होतं.

भांडुपच्या शोभामावशी एका गोधडीला अकरा दिवस घेतात. चष्मा लावून, खिडकीत बसून, भाताच्या दाण्याएवढा धावदोरा, एक ओळ वाकडी गेली की उसवतात आणि परत घालतात. त्यांना मी हे लेबल दाखवलेलं नाही.

आणि राग काकांचा नाही येत मला. या नियमांचा येतो. २०२४ मध्ये युरोपात १५० युरोच्या आतली ४६० कोटी पार्सलं आली म्हणे, त्यातली शंभरातली ९१ चीनमधून. पाच युरोचे टॉप आणि दोन युरोची मोबाइल कव्हरं. बरोबर आहे, लावा ना त्यांना ड्युटी, पण त्या उरलेल्या नऊ टक्क्यांत कुठेतरी कोपऱ्यात माझ्या चार गोधड्या आहेत आणि चाळणी सगळ्यांना एकच. त्यांच्याकडे कोड टाकायला कंपन्या असतात, सॉफ्टवेअर असतं. माझ्याकडे एक एक्सेल शीट आणि काका. ३ युरो म्हणजे तीनशेच्या वर रुपये, ते आजीच्या मुलाला जड नाहीत, तो भरेल. पण 'गिफ्ट' लिहिलं की सिस्टम म्हणते नीट सांगा, नीट सांगितलं तर म्हणते असं काही नसतं. मग माणसाने लिहायचं काय?

असो. मी म्हटलं, लेबल फाडा, परत करा. मुलगा म्हणाला, एकदा जनरेट झालं की करेक्शन चार्ज लागतो. मी म्हटलं चूक तुझी, मी कोड दिला होता. तो म्हणाला, "पण काका बोलले ना." काका म्हणाले, "मी सुचवलं फक्त." आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

मग त्यांचा नंबर आला. आमचं चाललं होतं म्हणून बाजूच्या खिडकीत. लेकीला ह्यूस्टनला मेतकूट, कुरडया आणि पोह्याचे पापड. तिथली मुलगी म्हणाली, कोड लागेल काका, प्रत्येकाचा वेगळा. काका माझ्याकडे वळले. "ताई, तुमचा अभ्यास दिसतोय..."

मी सांगितलं. पापड १९०५, बिस्किटं आणि पाव असतात तिथेच. कुरडयांसाठी वेगळं काही नाही, शेवयांच्या जवळ जातात, म्हणजे १९०२. पास्ता.

"काय?"

"पास्ता. मॅकरोनी, स्पॅगेटी, त्यांच्यात."

काकांचा चेहरा असा झाला की मला आतून जे काही वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. "अहो, हिने तीन दिवस गहू भिजत घातले होते! रोज पाणी बदललं, चीक काढला, पहाटे चारला उठून शिजवला, गच्चीत कावळे हाकत बसलोय मी स्वतः! पास्ता?"

"टाकू?" बाजूच्या मुलीने विचारलं.

"थांब गं," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून, जरा आवाज खाली आणून, "दुसरं काही नाही का? तो रिकामा कुठला चॅप्टर म्हणालात मघाशी?"

मी ७७ बद्दल त्यांना कधी बोलले ते मला आठवत नाही, रांगेत वैतागून बोलले असेन. म्हटलं काका, तो आपल्याला देत नाहीत.

काकांचा पास्ता गेला. माझी गोधडी पण गेली, ९४०४४० खाली, क्विल्ट म्हणून, साड्यांची किंमत चारशे रुपये धरून, जी मी आणि त्या मुलाने अंदाजपंचे ठरवली आणि जी अर्ध्या पातेल्यापेक्षा जास्त आहे की कमी याचा मी विचार करत नाहीये. लेबल करेक्शनचे ३५० रुपये घेतले. पावतीवर लिहिलंय, 'कस्टमर रिक्वेस्ट'. त्यावर १८ टक्के जीएसटी.