बुकोल्झचा अलार्म आला की 'हवा असंल' म्हणणं बंद करा

काल परत तेच झालं. आमच्या जालन्यातल्या फर्नेसच्या ३३ केव्ही ट्रान्सफॉर्मरला बुकोल्झचा, म्हणजे तेलातला गॅस पकडणाऱ्या सेफ्टी रिलेचा, अलार्म आला अन् साहेबांचं पहिलं वाक्य काय, तर "हवा आली असंल, सोडून दे, रिसेट मार, हीट (भट्टीतला एक घाणा) चालू हे." डोकंच सणकलं माझं. अहो हवा येईल कुठून? नुकतं ऑइल फिल्टरेशन केलं असतं, नवीन तेल टाकलं असतं तर मानलं असतं की हवा अडकली, पण ह्या टाकीला दिवाळीच्या आधीपासून कुणी पाना लावलेला नाही. आत गॅस बनायलाय, अन् त्यात हायड्रोजन असणार हे आयटीआयच्या पोराला पण कळतं.

आत कुठं पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनमध्ये बारीक बारीक ठिणग्या) व्हायला लागलं, व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या टॅप चेंजरचा काँटॅक्ट तापला की तेल तुटायला लागतं, हायड्रोजन सुटतो, मिथेन-इथिलीन सुटतं, खराखुरा आर्क बसला तर ॲसिटिलीन, वाइंडिंगचा कागद जळायला लागला तर कार्बन मोनॉक्साईड. हे सगळं वर चढतं, कन्झर्वेटरकडं (वरच्या तेलाच्या छोट्या टाकीकडं) जाता जाता मधल्या पाइपातल्या बुकोल्झमध्ये साठतं, वरचा फ्लोट खाली येतो अन् अलार्म वाजतो. १९२१ सालापासून जगात हे रिले आहे, फक्त एवढंच सांगायला की बाबा, आत काहीतरी जळायलंय. अन् आपण काय करतो? त्याचं तोंड दाबतो.

काल फिटरला शिडीवर चढवलं, तेही चालू लाइनवर, एचटीचे (हाय व्होल्टेजचे) बुशिंग हाताच्या अंतरावर. त्यानं पेटकॉक (रिलेवरचा गॅस सोडायचा छोटा नळ) उघडला, फुस्स करून गॅस बाहेर, अन् खाली पाच-सहा पावलांवर एक जण ग्राइंडरनं अँगल कापायलेला, ठिणग्यांचा नुसता फवारा. मी ओरडत पळालो तर माझ्याकडंच येड्यासारखं बघायलेत सगळे! हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठंही पेट घेतो, त्याला रंग नाही, वास नाही, अंगातल्या टेरिकॉटच्या शर्टाची स्टॅटिक ठिणगी सुद्धा त्याला पुरते, इथं तर ग्राइंडर चालू होता. अन् काही जुने लोक तर पेटकॉकला काडी लावून बघतेत, पेटला तर फॉल्ट, नाही पेटला तर हवा. अरे त्या गॅसचं सॅम्पल काचेच्या सिरिंजमध्ये घेऊन लॅबला पाठवायचं असतं, टाकीच्या डोक्यावर बसून काडी ओढायची नसते.

डीजीए, म्हणजे तेलात विरघळलेल्या गॅसची लॅब तपासणी, करा म्हणून मी कितीदा मेल टाकलाय, लई झालं आता. दरवेळी उत्तर एकच, बीडीव्ही ओके आहे ना, मग झालं. बीडीव्ही म्हणजे तेल किती व्होल्टेज सोसतं ते, त्यात ओलावा-कचरा कळतो, तेलात विरघळलेला गॅस त्यात दिसतच नाही. बीडीव्ही झकास अन् आत ॲसिटिलीन, असं होऊ शकतं. हायड्रोजन शंभरेक पीपीएमच्या पुढं गेला की कान टवकारायचे असतेत, अन् एकदाच करून पण उपयोग नाही, मागच्या रिपोर्टपेक्षा किती वाढला ते बघायचं असतं. काही हजाराचं काम आहे हे, एका हीटच्या मालात कुठल्या कुठं निघून जाईल.

बरं, बाकीची अवस्था बघा. ब्रीदरमधली (टाकीत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्यातली) सिलिका जेल निळी असायला पाहिजे, ती कधीची गुलाबी पडलीय. एक्स्प्लोजन व्हेंटचा (जास्तीचं प्रेशर बाहेर सोडायच्या नळीचा) डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा, फुटला होता, तिथं कुणीतरी पत्रा कापून चार बोल्ट मारून बसवलाय, म्हणजे आत प्रेशर आलं तर जायला वाटच ठेवली नाही! मोठा आर्क बसला की काही मिलिसेकंदात तेलाचा गॅस होतो, टाकी फाटते, गरम तेल अन् हायड्रोजन बाहेरच्या हवेला लागला की आगीचा गोळाच. चांगला पीआरव्ही (प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) असला तरी कधी कधी तो पुरत नाही, तिथं पत्र्याचं काय घेऊन बसलात. सोक पिट (सांडलेलं तेल मुरवायचा खड्डा) आहे, पण त्यात भंगार अन् गुटख्याच्या पुड्या भरल्यात, तेल सांडलं तर ते सरळ पॅनल रूमकडंच वाहत जाणार.

अन् मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ वर, वरून ओव्हरलोड, मग रेडिएटरवर टँकरचं पाणी मारायला पोरं उभी करायची. ती पोरं कुणाची, बिहारची, परतूरची, मंठ्याची, त्यांना कुणी सांगितलंय का की ह्या टाकीत काय शिजायलंय?

साहेबांना आज लेखी दिलंय अन् पोच घेतलीय. डीजीएचा रिपोर्ट येईपर्यंत त्या यार्डात ग्राइंडर-वेल्डिंग काही होऊ देणार नाही मी, अन् परत अलार्म आला तर कुणालाही शिडीवर चढवणार नाही, आधी ब्रेकर पाडणार. भट्टीत माल गोठला तर गोठू द्या.