आधी सिनेमा, मग नाटक, पुस्तक सगळ्यात शेवटी

मंडळी, आज शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय.

वाचणाऱ्या माणसांत एक सोवळं असतं. एखाद्या कादंबरीवर सिनेमा येतोय म्हटलं की लगेच बजावणार, ‘आधी पुस्तक वाच हं, मगच बघ.’ आणि थिएटरमधून बाहेर पडताना ठरलेलं वाक्य, ‘छे, पुस्तकाची सर नाही.’ मीही भरपूर वाचते, पण हे सोवळं मी केव्हाच सोडलंय. माझा क्रम बरोबर उलटा असतो. आधी सिनेमा बघायचा, मधे नाटक असेल तर ते बघायचं किंवा वाचायचं, आणि कादंबरी सगळ्यात शेवटी हातात घ्यायची.

कारण साधं आहे. पुस्तक वाचून गेलेला माणूस सिनेमा बघतच नाही, तो लाल पेन्सिल घेऊन पेपर तपासतो. हा प्रसंग गाळला, ती मावशी कुठे गेली, शेवट का बदलला. दोन तास त्याचं हेच चालतं. उलट बाजूने आलं की प्रत्येक टप्प्यावर भरच पडते. सिनेमात न मावलेली माणसं पुस्तकात भेटतात, पडद्यावर जो नुसता गप्प बसला होता तो मनात काय म्हणत होता ते कळतं.

आणि मराठीत तर ही चैन आहे, कारण आपल्याकडे मधे नाटकाचं स्टेशन लागतं. कादंबरी, तिच्यावर नाटक, मग सिनेमा, असा तिन्ही ठिकाणी थांबलेला प्रवास आपल्याकडे कितीतरी गोष्टींनी केलाय. त्यातही एका लेखकाचं नाव पुन्हा पुन्हा समोर येतं, ते म्हणजे जयवंत दळवी. २०२५ साली त्यांची जन्मशताब्दी झाली. आरवलीचे दळवी म्हटलं की लोकांना ‘सारे प्रवासी घडीचे’ आठवतं, नाहीतर ‘ललित’ मासिकात त्यांनी घेतलेलं टोपणनाव, ठणठणपाळ. ते हसवणारे दळवी मलाही प्रिय आहेत. पण माझे दळवी ते दुसरे, माणसाच्या घरातली बंद खोली उघडून दाखवणारे.

‘कच्चा लिंबू’ बघितलाय का? प्रसाद ओकने दिग्दर्शित केलेला, २०१७ चा. बहुतेक सिनेमा कृष्णधवल. मतिमंद मुलगा वयात येतोय, आणि एवढ्याशा जागेत आई, बाप आणि तो. सोनाली कुलकर्णी आणि रवी जाधव नवरा-बायको. त्या दोघांमधला नवरा-बायकोपणा कधीच संपलाय, उरल्यात फक्त बच्चूला सांभाळायच्या पाळ्या. मी हा सिनेमा काहीही माहीत नसताना बघितला. आईसमोर मुलाचं शरीर मोठं होत जातं आणि त्याबद्दल बोलायला घरात कुणाकडे भाषाच नाही, हे इतकं उघडपणे मराठी पडद्यावर मी पूर्वी बघितलं नव्हतं. मला वाटलं, काय धाडसी नवा सिनेमा आहे!

नवा कसला. मागे जाऊन बघितलं तर दळवींची ‘ऋणानुबंध’ ही कादंबरी, आणि त्याच कथेवरचं त्यांचंच नाटक ‘नातीगोती’. रंगमंचावर अतुल परचुरेंनी तो बच्चू साकारला होता, दिलीप प्रभावळकर बाप होते. आज ज्याला आपण धाडस म्हणतो ते दळवींनी केव्हाच लिहून ठेवलंय, आणि मध्यमवर्गीय प्रेक्षकांनी तिकीट काढून बघितलंय. हे मला आधी कळलं असतं तर सिनेमा बघताना मी तुलना करत बसले असते. नंतर कळलं म्हणून नाटक वाचताना अंगावर काटा आला. सिनेमात नुसत्या चेहऱ्यांवर सोडून दिलेल्या जागा नाटकात माणसं बोलून भरतात, भांडतात, एकमेकांना टोचतात. दोन्ही खरं आहे. काही घरं गप्प बसतात, काही भांडतात.

दुसरा दळवींचाच जिना ‘बॅरिस्टर’ चा. यात वरची पायरी म्हणजे ‘राव साहेब’, विजया मेहतांनी दिग्दर्शित केलेला हिंदी सिनेमा. अनुपम खेर बॅरिस्टर, तन्वी आझमी राधाक्का आणि खुद्द विजयाबाई मावशी. या मावशीसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मधली पायरी १९७७ चं ‘बॅरिस्टर’ हे नाटक. तेही विजयाबाईंचंच, त्यात विक्रम गोखले बॅरिस्टर आणि सुहास जोशी राधाक्का. तळाला कादंबरी, ‘अंधाराच्या पारंब्या’.

विलायतेहून शिकून आलेला, सुधारणेची भाषा करणारा माणूस आणि त्याचा जुना वाडा. राधाक्का विधवा होते तेव्हा तिच्या केशवपनाच्या आड तो उभा राहतो. मात्र पुढचं पाऊल टाकायची वेळ येते तेव्हा घराण्यातल्या वेडाच्या सावलीत तिथेच गोठतो. मला विचाराल तर मराठी सुधारकाचं इतकं निर्दय आणि इतकं मायेनं काढलेलं चित्र दुसरं नाही. भाषणात शूर आणि उंबरठ्यावर लटपटणारे असे पुरुष आपण सगळ्यांनीच बघितलेत. (काहींनी लग्नही केलंय. असो.)

एकाच दिग्दर्शिकेने एकच गोष्ट आधी रंगमंचावर, मग पडद्यावर, तीही दुसऱ्या भाषेत मांडावी, हे दुर्मीळ आहे. नाटक वाचताना लक्षात येतं की तिथे वाडा आपल्याला कल्पायचा असतो. सिनेमात वाडा स्वतःच एक पात्र होतो. आणि कादंबरीला तीन अंकांची घाई नसते, ती तो काळोख सावकाश साठू देते. त्या नावातल्या पारंब्यांचा अर्थ मला तिथे लागला. वरून खाली येत येत जमिनीत रुजणाऱ्या पारंब्या. सिनेमाच्या नावात ती गोष्ट नाही, नाटकाच्याही नाही.

‘चक्र’ बद्दल थोडक्यात. १९६३ ची कादंबरी, मुंबईच्या झोपडपट्टीतली. १९८१ साली रवींद्र धर्मराज यांनी हिंदी सिनेमा केला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, लोकार्नोला सुवर्ण बिबट्या मिळाला. लोकांच्या लक्षात काय राहिलं? स्मिता अंघोळ करतानाचं पोस्टर. अशा वेळी सिनेमावर थांबू नये, कादंबरीकडे जावंच. बाईला आडोसा नसणं ही त्या वस्तीतली रोजची गोष्ट आहे, पोस्टरची नाही, हे कादंबरी पानापानावर सांगते.

आता माझ्या क्रमावरचे दोन आक्षेप. ते मला नेहमी ऐकवले जातात.

पहिला, नटांचे चेहरे डोक्यात अडकतात, स्वतःची कल्पना चालत नाही. अडकू द्या ना! ‘सिंहासन’ मधला दिगू टिपणीस निळू फुल्यांच्या चेहऱ्याने डोक्यात बसला तर माझं काय बिघडलं? माझ्या कल्पनेतला दिगू त्याहून बरा असता असा माझा तरी दावा नाही. जब्बार पटेलांचा हा १९७९ चा सिनेमा अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या मिळून केलाय, पटकथा तेंडुलकरांची. दोन जाडजूड कादंबऱ्यांतून एक सिनेमा काढताना तेंडुलकरांनी काय ठेवलं आणि काय सोडलं, हे शिकायचं असेल तर आधी सिनेमा आणि मग दोन्ही पुस्तकं ओळीने वाचावीत. सिनेमात आपण खुर्चीकडे बघत राहतो, ‘मुंबई दिनांक’ वाचताना नजर शहराकडे वळते. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि डॉ. लागूंचा अर्थमंत्री हे दोघे समोरासमोर आले की आजच्या बातम्या बघायची गरज उरत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप, शेवट आधीच कळतो. मग? शेवट कळल्यावर जे पुस्तक मरतं ते कोडं होतं. ‘बनगरवाडी’ चा शेवट कळला म्हणून काय संपलं? दुष्काळ पडतो, धनगर मेंढरं घेऊन निघून जातात, गाव ओस पडतं. अमोल पालेकरांचा सिनेमा मी आधी बघितला. माडगूळकरांचं पुस्तक पुढे वाचलं आणि मग कितीदा वाचलं याची मोजदाद नाही. एवढंसं पुस्तक. दर वेळी कारभाऱ्यापाशी, आनंदा रामोश्यापाशी रेंगाळते आणि दर वेळी ती तालीम बांधून होताना आनंद होतो, पुढे काय होणार ते माहीत असूनही. किंबहुना माहीत असल्यामुळेच.

‘शाळा’ च्या बाबतीत माझं आणि भाचीचं भांडण आहे. मी मिलिंद बोकिलांची कादंबरी आधी वाचली होती (सिनेमा तेव्हा कुठे होता!), त्यामुळे सुजय डहाकेचा सिनेमा मला मुका वाटला. मुकुंद जोशीची डोक्यातली अखंड बडबड, ते नववीतलं तत्त्वज्ञान, शिरोडकरबद्दलचे सिद्धांत, ते सगळं कुठेय? भाचीने सिनेमा आधी बघितला. तिला तो प्रचंड आवडला, आणि मग पुस्तक वाचताना फोन करकरून हसत होती, ‘अगं मावशी, हा मनात हे म्हणत होता?’ तिला दोन गोष्टी मिळाल्या, मला दीड. मधे ‘गमभन’ हे नाटकही होतं याच कादंबरीवर, ते दोघींनाही बघायला मिळालेलं नाही. आणीबाणीचा काळ मात्र तिला पुस्तकातूनच खरा कळला, इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे.

‘नटसम्राट’ ला मी स्वतःच अडखळते. डॉ. लागूंचे बेलवलकर, १९७० पासूनचे, हे आपल्याकडे दैवत. महेश मांजरेकरांच्या २०१६ च्या सिनेमात नाना पाटेकर. नानाचा आवाज एकदा कानात बसला की शिरवाडकरांची ओळ स्वतःच्या आवाजात वाचणं अवघड जातं, हे मान्य. उपाय एकच, मोठ्याने वाचायचं. घरच्यांना वेड लागलंय असं वाटेल, वाटू द्या. पण त्या सिनेमाने मला एक भेट दिली, विक्रम गोखल्यांचा रामभाऊ. हा मूळ नाटकात नाहीच. शुद्धतावाद्यांना खटकला, मला नाही. नाटकात बेलवलकर स्वगतं बोलतात, कारण रंगमंचावर ती चालतात. पडद्यावर त्यांना बोलायला कुणीतरी बरोबरीचा नट हवा होता. याला म्हणतात माध्यमांतर. ‘बॅरिस्टर’ वाचताना डोळ्यासमोर येणारा तो नट आणि हा रामभाऊ एकच माणूस आहे, याची गंमत वेगळीच.

परदेशी मालालाही हा क्रम लागू पडतो. ‘माय फेअर लेडी’ बघा, मग ‘ती फुलराणी’, भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषींची, पु. लं.नी मराठी मातीत मुरवलेली. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ आजही एकपात्री स्पर्धांत हटकून असतं. आणि मग शेवटी शॉचं ‘पिग्मॅलियन’. सिनेमात एलायझा प्रोफेसरकडे परत येते, आपण सुखावतो. शॉ मात्र हट्टाला पेटलेला. लोकांनी दोघांचं जुळवू नये म्हणून त्याने पुढे एक पुस्ती जोडली आणि तिचं लग्न फ्रेडीशी लावून टाकलं! ‘पिग्मॅलियन’ आधी वाचलं तर ही पुस्ती नुसती माहिती वाटते. सिनेमा बघून वाचलं तर म्हातारा थेट आपल्यालाच दटावतोय असं वाटतं.

एका ठिकाणी मात्र माझी पद्धत लंगडी पडते, आणि ते पुस्तक म्हणजे ‘श्यामची आई’. अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, वनमालाबाई आणि छोटा माधव वझे, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक. तो इतका मोठा झाला की लोक तिथेच थांबले. ‘बघितलंय’ म्हणजे ‘वाचलंय’ असंच धरून चालतात. मग ‘रडवणारं, संस्कारी’ असा शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या बेचाळीस रात्री सलग वाचा एकदा. पाऊल मळू नये म्हणून पदर पसरणारी आई त्यात आहेच, पण कर्जात हळूहळू बुडत जाणारं कोकणातलं एक घरही आहे. सावकाराच्या तगाद्याने घरातल्या बाईची मान कशी खाली जाते ते आहे. मी तरी ते पुस्तक आता संस्कारांसाठी वाचत नाही, कर्जासाठी वाचते. २०२३ साली डहाकेनेच पुन्हा कृष्णधवल ‘श्यामची आई’ केला. तो बघून किती जणांनी पुस्तक उघडलं कुणास ठाऊक.

ग्रंथालयात नाटकांचं कपाट कायम कोपऱ्यात असतं, हेही जाता जाता सांगून टाकते. ‘नाटक काय वाचायचं, ते बघायचं असतं’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा ‘बॅरिस्टर’ वाचावं, एकटीने किंवा एकट्याने, कंसातल्या सूचनांसकट. तिकीट नाही, पार्किंग नाही, मागच्या रांगेत मोबाइल वाजत नाही.

सध्या माझं अर्धवट राहिलेलं प्रकरण असं आहे. बिपिन नाडकर्णींचा ‘उत्तरायण’ बघून झालाय, शिवाजी साटम आणि नीना कुलकर्णींचा. उतारवयातल्या प्रेमावर इतका संयमाने केलेला दुसरा मराठी सिनेमा मला माहीत नाही. तोही दळवींवरूनच, ‘दुर्गी’ या नाटकावरून. ते नाटक काही मला मिळत नाहीये. दोन ग्रंथालयांत विचारून झालं, रद्दीवाल्यालाही सांगून ठेवलंय. कुणाकडे छापील प्रत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मी स्वतः येऊन घेऊन जाईन, कव्हर घालून परत करीन. आणि हो, ‘महानंदा’ ही दळवींचीच कादंबरी आणि तिच्यावरून शं. ना. नवऱ्यांनी लिहिलेलं ‘गुंतता हृदय हे’, दोन्ही माझ्याकडे आहेत, बदल्यात हवं ते घ्या.